नर्सने पेशंट तपासावा का? जरूर! पण घरबसल्या शिकून?



आज कुठल्याही आजारावर लिहिणार नाही. आज लिहायचं आहे ते तुम्हाला तपासणाऱ्या माणसाविषयी. त्यात थोडं भांडायचंही आहे. काही माझ्याच व्यवसायबंधूंशी, काही कोर्स विकणाऱ्यांशी आणि काही सरकारशी.

निमित्त झालं एका सोमवारच्या ओपीडीचं. अकलोलीत सोमवारी नेहमीच गर्दी असते. रविवारी गरम पाण्याच्या कुंडांवर येऊन गेलेल्यांपैकी कोणी, आठवडाभर अंगावर ताप काढलेले वीटभट्टीवरचे मजूर, शुगरची गोळी संपलेल्या आजीबाई. दुपारी सगळे गेल्यावर गावातलीच एक मुलगी वडिलांना घेऊन आत आली. तिला मी लहानपणापासून ओळखतो. बी.एस्सी. नर्सिंग झालेली, भिवंडीत एका खासगी हॉस्पिटलमध्ये नोकरी करणारी. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला.

"सर, हे बघा ना. फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर. मास्टर्स डिग्री आहे, शंभर टक्के ऑनलाइन. नोकरी सोडावी लागत नाही. मग म्हणे स्वतः पेशंट तपासता येतात, अमेरिकेतही जाता येतं."

वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, फीची काळजी नाही. रस्त्याकडेचा तुकडा गोदामवाले मागतातच आहेत. तुम्ही फक्त हो म्हणा."

मी हो म्हटलं नाही. पण नाही म्हणण्याची माझी कारणं त्यांना वाटली त्यापेक्षा वेगळी होती. ती सगळ्यांनी वाचावीत म्हणून हा लेख.

फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे कोण?

आपल्याकडे पांढऱ्या किंवा निळ्या गणवेशातली कुठलीही बाई म्हणजे "सिस्टर". प्रत्यक्षात उपकेंद्रावरची एएनएम दोन वर्षं शिकलेली असते, जीएनएम तीन वर्षं आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षं. नर्स प्रॅक्टिशनर ही त्याच्याही पुढची पायरी. अनुभवी नर्स जास्तीचं शिक्षण घेते, मग स्वतः पेशंट तपासते, तपासण्या सांगते, नेहमीच्या आजारांवर औषध लिहिते आणि आपल्या आवाक्याबाहेरचं काही दिसलं की डॉक्टरकडे पाठवते. फॅमिली म्हणजे तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत सगळ्या वयाचे पेशंट.

या कामाची सुरुवात अमेरिकेत १९६५ साली झाली. कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या नर्सबाई आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, या दोघांनी मिळून पहिला अभ्यासक्रम सुरू केला. कारण आपल्या ओळखीचंच आहे. ग्रामीण भागात मुलांना तपासायला डॉक्टर मिळत नव्हते. आज तिथल्या निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरच्या सहीशिवाय काम करू शकते.

आधी माझ्याच बिरादरीशी भांडण

हा विषय निघाला की आमच्या डॉक्टरांच्या बैठकीत एकच सूर लागतो. "अर्धवट डॉक्टर तयार करायला निघालेत." २०१९ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनचा कायदा आला. त्याच्या कलम ३२ मध्ये कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडरना मर्यादित परवाना देण्याची तरतूद होती. तेव्हा देशभर डॉक्टर रस्त्यावर उतरले होते. त्या कलमात कोण पात्र हे पुरेसं स्पष्ट नव्हतं, हा आक्षेप मला आजही पटतो. पण "एमबीबीएसशिवाय कोणी पेशंटला हातच लावू नये" हे मला तेव्हाही पटलं नाही.

व्यवसायबंधूंनो, एकदा आमच्याकडच्या एखाद्या पाड्यावर रात्री आठनंतर येऊन बघा. पोराला ताप आला तर आई कुठे जाते? आधी मेडिकलवाल्याकडे. मग "सलाईन लावणाऱ्या" कुणाकडे तरी, ज्याच्या भिंतीवरचं सर्टिफिकेट कधी कुणी वाचलेलं नसतं. माझ्याकडे ती तिसऱ्या दिवशी येते. म्हणजे इथे एमबीबीएस डॉक्टरची जागा कोणी नर्स घेत नाहीये. ती जागा आधीच बोगस डॉक्टरने घेतली आहे. चार वर्षं शिकलेल्या, कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या नर्सला विरोध करायचा आणि याच्याकडे काणाडोळा करायचा, हे कुठलं पेशंटचं हित?

पुराव्याचंही बोलू. कॅनडात बर्लिंग्टन इथे कुटुंबांची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी करून काहींना डॉक्टरकडे आणि काहींना नर्स प्रॅक्टिशनरकडे पाठवलं गेलं. १९७४ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. दोन्ही गटांची तब्येत सारखीच राहिली. न्यूयॉर्कमध्ये १३१६ पेशंटवर असाच अभ्यास झाला. तो २००० साली प्रसिद्ध झाला आणि सहा महिन्यांनंतरची तब्येत तिथेही जवळपास सारखीच होती.

आणि इतक्या लांब कशाला जायचं? आपल्या महाराष्ट्रातच बघा. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दाम्पत्याने १९७० पासून गावातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या थोड्याफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळ तपासायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला निष्कर्ष असा की ३९ गावांत नवजात बाळांचं मृत्यूचं प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी खाली आलं. या बायका ना डॉक्टर होत्या, ना नर्स.

तेव्हा "डॉक्टरशिवाय जमणारच नाही" हा मुद्दा मी बाजूला ठेवतो.

मग ऑनलाइनला विरोध का?

गडचिरोलीचं उदाहरण ऐकून कोर्स विकणारे लगेच म्हणतील, "बघा, डिग्रीही लागत नाही!" थांबा. त्या बायका शिकल्या कशा ते बघा. त्यांना समोर बसवून शिकवलं गेलं. एकेक बाळ उचलायचं कसं, वजन कसं करायचं, सुई कशी धरायची हे हातात हात धरून दाखवलं गेलं. त्यांच्या नोंदी कोणीतरी नियमित येऊन तपासत होतं. न्यूमोनिया ओळखण्यासाठी तिथे श्वास मोजायचं एक साधं साधन वापरलं गेलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी. ज्या सुईणीला आकडे मोजता येत नव्हते, तीही त्यावर दम लागलेलं पोर ओळखायची. साधन सोपं होतं, पण ते वापरायची सवय खऱ्या आजारी बाळाशेजारी बसूनच लागली.

मी माझंच सांगतो. इंटर्न असताना दीड वर्षाच्या एका मुलाला मी "साधा सर्दी-खोकला" लिहून घरी पाठवायला निघालो होतो. पुस्तकातलं सगळं पाठ होतं. १ ते ५ वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा जास्त असेल तर न्यूमोनियाचा संशय घ्यायचा, हेही पाठ होतं. पण मूल रडत होतं, आई घाईत होती, रांग मोठी होती. मी मोजलंच नाही. आमच्या वरिष्ठ डॉक्टर मागे उभ्या होत्या. त्यांनी एक शब्द न बोलता मुलाचा सदरा वर केला आणि माझा हात त्याच्या बरगड्यांखाली ठेवला. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात होता. आई मघापासून "पोट उडतंय" म्हणत होती ते हेच. मुलाला दाखल करून घेतलं, चार-पाच दिवसांत बरं होऊन घरी गेलं. ते कुणामुळे वाचलं, हे मला माहीत आहे.

तो हात त्या दिवशी मोबाइलच्या पडद्यातून आला नसता. व्हिडिओत छाती आत ओढली जाताना दिसते. रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या मुलात ती शोधायची, रांग वाढत असताना शोधायची आणि चुकलो तर कोणीतरी तिथल्या तिथे अडवायचं, हे व्हिडिओत नसतं.

असं बरंच आहे. गरोदर बाईच्या पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं चाचपणं. भातलावणीच्या दिवसांत आलेला साधा ताप आणि लेप्टोचा ताप यातला फरक हेरणं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतं म्हणून येतो, अंगावर दंशाची खूण नसते; अशा वेळी त्याच्या पापण्या जड होतायत का ते बघायचं सुचणं, कारण तो मण्यार असू शकतो. ही यादी वाचून परीक्षा पास होता येते, पेशंट हाताळता येत नाही.

"पण अमेरिकेत तर ऑनलाइनच असतं!"

अर्धंच खरं. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत नर्स प्रॅक्टिशनरचे तासिकांचे विषय ऑनलाइन शिकवतात. औषधशास्त्र, संशोधन, आरोग्यधोरण हे पडद्यावर शिकायला माझीही हरकत नाही. मीसुद्धा नवी माहिती तशीच वाचतो. पण तिथेही प्रत्यक्ष पेशंटसोबतचे तास सक्तीचे आहेत. आधी किमान ५०० तास होते. २०२२ च्या नव्या मानकांत ते ७५० केले गेले. हे तास कुठल्या तरी क्लिनिकमध्ये, अनुभवी माणसाच्या नजरेखाली भरावे लागतात. "शंभर टक्के ऑनलाइन" हे जाहिरातीतलं वाक्य त्यामुळे तिथल्या कोर्सलाही पूर्ण लागू होत नाही.

आता हिशोब करा. ७५० तास म्हणजे रोजचे ८ तास धरले तर ९४ दिवस. एमबीबीएसनंतर एक वर्षाची इंटर्नशिप आणि मग एमडीसाठी तीन वर्षं वॉर्डात काढलेल्या माझ्यासारख्याला ते कमी वाटतात. ते पुरतात की नाही यावर तिथेही वाद आहे. आणि ते तास भरण्यासाठी शिकवणारा डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर शोधायची जबाबदारी अनेक कोर्समध्ये विद्यार्थिनीवरच टाकलेली असते. म्हणजे फी विद्यापीठाने घ्यायची आणि शिकवणारा माणूस तिने दारोदार फिरून शोधायचा.

आमच्या बाबतीत काय झालं तेही आठवा. कोविड आणि युक्रेन युद्धामुळे परदेशात एमबीबीएस करणाऱ्या मुलांचा प्रत्यक्ष वॉर्डातला काळ बुडाला, वर्ग ऑनलाइन झाले. २०२२ मध्ये कमिशनने अशा अंतिम वर्षाच्या मुलांसाठी एकऐवजी दोन वर्षांची इंटर्नशिप ठरवली. डॉक्टरच्या बाबतीत पडद्यावरचं शिक्षण अपुरं ठरतं, मग नर्सच्या बाबतीत ते पुरेसं कसं? की पाड्यावरच्या पेशंटला चालतं तेवढं?

त्या मुलीला मी काय सांगितलं

तिला मी तीन गोष्टी स्पष्ट सांगितल्या.

एक, अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं तर आधी तिथली नर्स म्हणून नोंदणी हवी, त्यासाठी एनक्लेक्स परीक्षा. मग मान्यताप्राप्त संस्थेची पदवी, प्रत्यक्ष कामाचे तास, राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा आणि त्या त्या राज्याचा परवाना. यातली एक कडी सुटली तरी नुसत्या पदवीच्या कागदावर तिथे पेशंट तपासता येत नाही.

दोन, भारतात "फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर" अशी ऑनलाइन पदवी दाखवून स्वतंत्र प्रॅक्टिस करता येत नाही. आजच्या व्यवस्थेत नर्स सरकारी कार्यक्रमात ठरवून दिलेली औषधं ठरवून दिलेल्या पद्धतीने देऊ शकते. स्वतःचा दवाखाना थाटून प्रिस्क्रिप्शन लिहू लागली तर कायद्याच्या नजरेत ती आणि तो सलाईनवाला एकाच रांगेत.

तीन, याचा अर्थ दारं बंद आहेत असा नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आणला आहे. त्यात बराचसा वेळ आयसीयूतच जातो. बाळंतपणासाठी नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफ तयार करायची मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारने २०१८ मध्ये काढली. ते प्रशिक्षण १८ महिन्यांचं. आणि उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ व्हायची वाट आहेच.

वडील म्हणाले, "पण साहेब, नोकरी सोडून दोन वर्षं घर कसं चालायचं?"

हा प्रश्न मी टाळणार नाही. ऑनलाइन कोर्सवाल्यांचं फावतं ते इथेच. रात्रपाळी करणारी, लहान पोर असलेली, घराचा हप्ता भरणारी नर्स नोकरी सोडून शिकायला जाऊ शकत नाही. तिला दोष देण्यात अर्थ नाही. उपाय मात्र आहे. वाचायचं ते घरी, करायचं ते हॉस्पिटलात. सीएचओ होण्यासाठीचा सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स इग्नूने याच धर्तीवर चालवला. अभ्यासाची पुस्तकं विद्यापीठाची, प्रत्यक्ष काम जिल्हा रुग्णालयासारख्या केंद्रांत. हीच रचना मोठी करा, त्या काळात तिला पगार द्या, आणि मग बघा किती मुली पुढे येतात.

आता सरकारशी दोन शब्द

२०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेत दीड लाख आरोग्यवर्धिनी केंद्रं करायचं ठरलं. हल्ली त्यांनाच आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. आदिवासी भागात साधारण ३००० आणि सपाट भागात ५००० लोकांमागे एक उपकेंद्र, आणि तिथे सीएचओ. आपल्या राज्यात या पदांवर आयुर्वेदाचे पदवीधर आहेत, तसेच बी.एस्सी. नर्सिंग झालेलेही. तिशीपुढच्या लोकांचं बीपी, शुगर तपासायचं, तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणी करायची, डॉक्टरने सुरू केलेली औषधं दर महिन्याला द्यायची, अडलं तर ई-संजीवनीवर डॉक्टरला जोडून घ्यायचं. कल्पना उत्तम आहे. माझ्या कित्येक बीपीच्या पेशंटचा भिवंडीपर्यंतचा हेलपाटा अशा केंद्रामुळे वाचू शकतो.

पण सहा महिने शिकवून एखाद्या मुलीला उपकेंद्रात एकटीला बसवलं की काम संपलं, असं समजू नका. खरं शिक्षण तिथून पुढे सुरू होतं. आठवड्यातून एक ठरलेला दिवस वैद्यकीय अधिकाऱ्याने तिच्या शेजारी बसून तिच्यासोबत पेशंट बघायला हवेत. तिने कोणाला पाठवलं, त्याचं पुढे काय झालं, हे तिला कळायला हवं. नाहीतर ती एकच चूक दहा वर्षं करत राहते आणि आपण त्याला दहा वर्षांचा अनुभव म्हणतो.

१९४७ च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी २०२३ मध्ये संसदेने नर्सिंग आणि मिडवायफरीसाठी नवा आयोगाचा कायदा केला. त्या आयोगाकडे माझी मागणी साधी आहे. नर्स प्रॅक्टिशनरचा प्रत्येक अभ्यासक्रम मान्य करताना पेशंटसोबतचे किमान तास लिहा, ते कुणाच्या नजरेखाली भरायचे ते लिहा, आणि ते भरून देण्याची जबाबदारी फी घेणाऱ्या संस्थेवर टाका. मग उरलेलं शिक्षण पडद्यावर चालू द्या.

कोणी म्हणेल, "डॉक्टर, तुम्हाला पोटावर पाय येण्याची भीती वाटते." नाही वाटत. दिवसाला येणाऱ्या सर्दी-तापापैकी निम्मे पेशंट उद्या एखाद्या चांगल्या नर्सने बघितले, तर उरलेल्यांना मी पाच मिनिटांऐवजी पंधरा मिनिटं देईन. भीती वाटते ती कच्च्या नर्सची, तितकीच कच्च्या डॉक्टरचीही.

तुम्ही काय करायचं?

उपकेंद्रावर, क्लिनिकमध्ये किंवा घरी येऊन तपासणाऱ्या कुणालाही हे विचारायला लाजू नका:

१. तुमचं शिक्षण काय आणि नोंदणी कुठल्या कौन्सिलकडे?

२. तुम्ही पेशंट तपासायला कुठे शिकलात, कोणत्या हॉस्पिटलात?

३. तुम्हाला शंका आली तर तुम्ही कोणत्या डॉक्टरला विचारता?

४. बरं वाटलं नाही तर किती दिवसांनी परत यायचं, आणि कोणती लक्षणं दिसली तर लगेच?

चांगली नर्स या प्रश्नांवर चिडत नाही. उलट चौथं उत्तर ती न विचारता देते. हेच प्रश्न तुम्ही मलाही विचारा.

आणि तुमच्या घरातली मुलगी नर्स असेल, तिला अशी जाहिरात आली असेल, तर फी भरण्याआधी एवढंच विचारा: "पेशंट कुठे मिळणार आणि शेजारी कोण उभं राहणार?" याचं लेखी उत्तर मिळालं नाही तर पैसे भरू नका. जमीन तर मुळीच विकू नका.

त्या मुलीच्या वडिलांनी सौदा तूर्त थांबवला आहे. ती सध्या आयसीयूचा अनुभव घेऊन दोन वर्षांच्या कोर्सला जायचं की सीएचओ व्हायचं, याचा विचार करते आहे. सुट्टीच्या दिवशी माझ्या ओपीडीत येऊन बसते. परवा एका खोकणाऱ्या पोराला मी स्टेथोस्कोप लावणार, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "सर, आधी मोजूया का? ते पोट उडवतंय."

आम्ही पूर्ण एक मिनिट मोजलं. ४६ भरले.